खाडाखोडीतून उगवलेली चित्रे

रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांची छायाचित्रे पाहताना कविता वाचायची राहूनच जाते. अक्षर वळणदार आणि ओळी आखल्यासारख्या सरळ. पण मधेच एखादा शब्द त्यांच्या मनास आलेला नसतो आणि तो खोडलेला असतो. आपण शब्द खोडतो तेव्हा त्यावर एक आडवी रेघ मारून पुढे जातो. चिडलेले असलो तर दोन. रवींद्रनाथ तिथेच थांबतात. खोडलेल्या शब्दाभोवती ते शाईचा घट्ट आकार भरतात, दोन ओळी खाली असलेल्या दुसऱ्या खोडलेल्या शब्दापर्यंत त्या आकाराला वाकडी वाट काढून देतात, वाटेत तिसरा भेटला तर त्यालाही सोबत घेतात आणि पान संपेपर्यंत त्या नापसंत शब्दांचे मिळून एक जनावर तयार झालेले असते. त्याला चोच असते, पाठीला बाक असतो, आणि कोणत्याही प्राणिकोशात ते सापडणार नाही. कविता मात्र त्याच्या अंगाखांद्यांवरून वाट काढत शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेली असते.

या सवयीचे त्यांनी स्वतःच दिलेले स्पष्टीकरण मोठे गमतीचे आहे. हस्तलिखितातल्या या रेघोट्या आपल्या डोळ्यांना खुपत, पापी माणसाने उद्धारासाठी टाहो फोडावा तशा त्या ओरडत, आणि मग मुख्य काम बाजूला ठेवून त्यांना लयीची सद्गती देण्यात आपला पुष्कळ वेळ जाई, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. कवितेतून हाकलून दिलेल्या शब्दांचीही सोय लावणारा दुसरा कवी माझ्या वाचनात नाही. रवींद्रनाथांच्या चित्रकलेबद्दल बोलताना बहुतेक जण ‘कवीचा विरंगुळा’ किंवा ‘बहुमुखी प्रतिभेचा आणखी एक पैलू’ अशी गुळगुळीत वाक्ये वापरून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ही चित्रे त्यांच्या साहित्याची पुरवणी नाहीत. साहित्यात ज्याला जागा मिळाली नाही त्याचा तो निवारा आहे, आणि हस्तलिखिताच्या पानावर तर हे अगदी शब्दशः खरे आहे.

‘रक्तकरबी’ या नाटकाच्या १९२३ च्या सुमाराच्या खर्ड्यांत हे आकार दिसतात आणि ‘पूरबी’ या संग्रहाच्या वहीत ते पानापानांवर पसरतात. ‘पूरबी’मधील पुष्कळ कविता १९२४ च्या प्रवासातल्या आहेत. पेरूच्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीचे निमंत्रण स्वीकारून रवींद्रनाथ बोटीने निघाले, वाटेत आजारी पडले आणि ब्वेनोस आइरेसला उतरून त्यांना विश्रांती घ्यावी लागली. पेरू राहूनच गेला. व्हिक्टोरिया ओकाम्पो या अर्जेंटिनी लेखिकेने शहराजवळच्या सान इसिद्रोत, ला प्लाता नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका बंगल्यात त्यांची व्यवस्था केली. तिने ‘गीतांजली’ दहा वर्षांपूर्वीच आंद्रे जीदच्या फ्रेंच अनुवादातून वाचली होती. बंगाली तिला येत नव्हते, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडले. टेबलावर पडलेल्या वहीत बंगाली वाचकाला कविता दिसली असती आणि खाडाखोडीकडे त्याने काणाडोळा केला असता. ओकाम्पोला कविता वाचता येणे शक्यच नव्हते, त्यामुळे तिला दिसली ती फक्त चित्रे. त्या रेघोट्यांकडे ती कौतुकाने पाहत राहिली, वहीतल्या काही पानांची छायाचित्रे घेण्याची परवानगीही तिने मागितली. ‘पूरबी’ पुढे तिलाच, ‘विजया’ या नावाने, अर्पण झाली.

त्या वेळी रवींद्रनाथांचे वय त्रेसष्ट होते.

हा वयाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे माणसाला चित्रकला येते की नाही याचा निकाल शाळेतच लागून गेलेला असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिलेल्या कोणालाही ते आठवेल: स्थिरचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि सुटे कागद, ड्रॉइंग बोर्ड, पाण्याचा डबा घेऊन दुसऱ्याच शाळेच्या वर्गात बसणे. श्रेणी हाती आली की एक तर माणूस ‘चित्रकार’ होतो किंवा आयुष्यभर ‘मला बाई चित्र अजिबात येत नाही’ असे सांगत राहतो. रवींद्रनाथांनाही लहानपणी घरी चित्रकलेचे मास्तर होते. कुस्ती, भूमिती, विज्ञान आणि गाणे यांच्या भाऊगर्दीत एक तास त्यांचाही असे. त्यातून फारसे काही निघाले नाही. १९०० साली जगदीशचंद्र बोस पॅरिसमध्ये असताना रवींद्रनाथांनी त्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपण चित्रवही घेऊन बसलो आहोत, पण ही चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नाहीत, आपला वेळ पेन्सिलीपेक्षा खोडरबर चालवण्यातच अधिक जातो, त्यामुळे राफाएलने कबरीत निश्चिंत झोपावे, असे त्यांनी त्यात थट्टेने लिहिले होते. पुढे तीस वर्षांनी त्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते पॅरिसमध्येच.

मधल्या काळात त्यांच्या आजूबाजूला सगळेच चित्र काढत होते. थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी भेटेल त्याचे पेन्सिलीने व्यक्तिचित्र काढण्याचा सपाटा लावला होता. बाउल गायक लालन फकीरांचे त्यांच्या हयातीत काढलेले म्हणून जे रेखाचित्र आज सर्वत्र दिसते ते ज्योतिरिंद्रनाथांचेच. पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ यांच्याशिवाय आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहिता येत नाही. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन ही कलाशाळा सुरू झाली आणि चित्रकार नंदलाल बसू तिथे आले. १९१६ साली जपानमध्ये योकोहामाला राहून ताइकान आणि कानझान या जपानी चित्रकारांची चित्रे पाहिल्यावर रवींद्रनाथांनी पुतण्यांना घरकोंबडेपणा सोडून जग पाहण्याबद्दल खडसावले होते. बंगालची चित्रकला फारच नाजूक आणि भूतकाळात रमणारी झाली आहे, असे त्यांचे मत होते. म्हणजे चित्रकलेबद्दल ठाम मते असलेला, चित्रकारांनी वेढलेला, चित्रकारांना घडवणारी संस्था काढणारा आणि स्वतः चित्र न काढणारा असा हा माणूस साठी उलटेपर्यंत होता. वाटते, हाताला काही येत नाही अशी त्याची खात्रीच असावी. ज्या घरात सगळे उत्तम गातात त्या घरात एखादा न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही, तसे काहीसे.

१९२८ च्या सुमारास बांध फुटला. तेव्हापासून १९४१ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. अवनींद्रनाथांनी त्याला ज्वालामुखीच्या उद्रेकाची उपमा दिली होती. काढण्याची पद्धत कोणत्याही कलाशाळेत खपली नसती. हाताला लागेल तो कागद, फाउंटन पेन, रंगीत शायांच्या बाटल्या, पेनाचे मागचे टोक, कापडाची चिंधी, वेळप्रसंगी बोट. तैलरंगाच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत, कारण तैलरंग वाळेपर्यंत थांबावे लागते आणि थांबणे त्यांना मंजूर नव्हते. चित्र बहुधा एका बैठकीत संपत असे. शाईवर शाई चढवत जायचे, गडद करत जायचे, आणि उजेड हवा असेल तिथे कागद मोकळा सोडायचा. त्यामुळे त्यांच्या चित्रांतला उजेड रंगाचा नसून कागदाचा असतो, आणि तो नेहमी काठाकाठाने, चोरवाटेने आल्यासारखा दिसतो.

याच सुमारास निर्मलकुमारी महलानबीस यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कविता आणि चित्र यांतला फरक सांगितला आहे. या विषयावर त्यांनी जे जे लिहिले त्यात मला ते सर्वांत मोलाचे वाटते. कवितेचे बीज आधी मनात अंधूकपणे असते आणि मग ते शब्दांचे रूप घेत जाते. चित्राचे नेमके उलटे आहे. तिथे आधी कागदावर रेघ उमटते, मग त्या रेघेचा आकार होतो, आणि आकार जसजसा स्पष्ट होत जातो तसतसे आपण काय काढतो आहोत हे आपल्याला कळू लागते. थोडक्यात, कविता लिहिताना ते यजमान होते आणि चित्र काढताना पाहुणे.

१९२८ साली रवींद्रनाथ कोण होते, हे लक्षात घेतल्यावर या सुटकेची किंमत कळते. नोबेल पारितोषिकाला पंधरा वर्षे झाली होती. ते बोलले की छापून येत होते. पांढरी दाढी, झगा आणि पूर्वेचा ऋषी ही प्रतिमा जगभर फिरत होती. कोणत्याही प्रसंगावर त्यांच्याकडून काहीतरी उदात्त बोलण्याची अपेक्षा असे. कोणाच्या लग्नाला आशीर्वादाची कविता हवी असे, कोणाच्या बाळाला नाव हवे असे, कोणाच्या मासिकाला संदेश हवा असे. आणि बंगाली भाषा तर त्यांनी स्वतःच इतकी घडवली होती की तिच्यात त्यांना आडरानात जायला जागाच उरली नव्हती. जिकडे जावे तिकडे त्यांच्याच पायवाटा. चित्रात मात्र त्यांना काही येत नव्हते. पुढची रेघ कुठे जाईल हे ठाऊक नसल्याचा आनंद त्यांना इथेच मिळत होता, आणि म्हणूनच कवितेत ज्याची सावलीही पडू दिली नाही ते सारे इथे बिनदिक्कत आले. दात विचकणारे चेहरे आले, एकमेकांत अडकलेली जनावरे आली, जिराफाच्या मानेची आणि सुसरीच्या जबड्याची सरमिसळ आली, आणि कोणाकडेही न पाहता बसलेली कुबडी माणसे आली. ‘गीतांजली’तल्या प्रकाशाने न्हालेल्या वाचकाला ही चित्रे प्रथम पाहताना धक्का बसतो. कवितेतला आकाशभर उजेड आणि चित्रांतला हा काळोख एकाच माणसाचा कसा, असे विचारले जाते. मला तो प्रश्न उलटा वाटतो. साठ वर्षे उजेडाचीच मागणी होत असलेल्या माणसाने काळोख ठेवायचा तरी कुठे?

१९३० मध्ये ते चित्रांची मोठी चळत सोबत घेऊन युरोपला गेले. पॅरिसमध्ये प्रदर्शनासाठी दालन मिळणे सोपे नव्हते. पण ओकाम्पो तिथे होती, तिने ओळखीपाळखी वापरून थोड्याच दिवसांत सगळे जमवून आणले आणि २ मे रोजी गॅलरी पिगालमध्ये प्रदर्शन उघडले. सव्वाशे चित्रे, आणि सूचिपत्राला आन द नोआय या कवयित्रीची प्रस्तावना. नंतर बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक, कोपनहेगन, जिनिव्हा, मॉस्को आणि अटलांटिकपलीकडे बोस्टन व न्यूयॉर्क असा त्या चित्रांचा वर्षभराचा प्रवास झाला. बोस्टनच्या सूचिपत्रात कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी या चित्रांना बालसदृश म्हटले, पण बालिश म्हटले नाही. आणि चित्रकार नसलेल्या मोठ्या माणसाची चित्रे म्हणून त्यांना सवलत देऊ नये, अशीच त्यांची भूमिका होती. मायदेशी मात्र रवींद्रनाथ बिचकतच होते. कलकत्त्याला मोठे प्रदर्शन भरले ते १९३२ मध्ये, शासकीय कलाशाळेत, तिचे प्राचार्य मुकुल डे यांच्या पुढाकाराने. कवितेत जगाला मार्ग दाखवणारा माणूस आपली चित्रे घरच्यांना दाखवायला कचरतो, हे मला फार माणसासारखे वाटते.

लोक चित्रांचा अर्थ विचारत. त्यावर त्यांचे उत्तर असे की माझी चित्रे जशी गप्प राहतात तसा मीही गप्प राहतो. व्यक्त होणे हे त्यांचे काम आहे, स्पष्टीकरण देणे नव्हे. बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिले नाही, अनेकांवर तारीखही नाही. नावे देण्याच्या बाबतीत या माणसाची ख्याती काय होती ते पाहिले म्हणजे हा नकार किती जाणीवपूर्वक होता ते कळते. मुलांना, झाडांना, घरांना, ऋतूंच्या उत्सवांना त्यांनी नावे वाटली. शांतिनिकेतनातल्या एका परदेशी निळ्या फुलांच्या वेलीचे ‘नीलमणिलता’ हे नाव त्यांनीच ठेवलेले. जगातल्या प्रत्येक वस्तूचे बारसे करायला उत्सुक असलेल्या या माणसाने आपली दोन हजार चित्रे मात्र बिननावाची राहू दिली.

दिल्लीतल्या जयपूर हाउसमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, त्यांच्या चित्रांचा चांगला संग्रह आहे. पुस्तकातल्या छपाईत ही चित्रे पाहिलेल्या माणसाला प्रत्यक्षात दोन गोष्टी चकित करतात. एक म्हणजे त्यांचा लहान आकार. भिंतीवर ती एखाद्या पत्रासारखी दिसतात, दुरून पाहण्याची सोयच नसते, जवळ जावेच लागते. आणि जवळ गेल्यावर दिसते ती निबेची मेहनत. तिथे एका स्त्रीच्या चेहऱ्यासमोर मी बराच वेळ उभे होते. लांबट अंडाकृती चेहरा, डोक्यावरून घेतलेला पदर, सरळ नाक, मिटलेले ओठ आणि समोर न पाहता किंचित बाजूला वळलेले मोठे डोळे. त्यांच्या चित्रांत हा चेहरा पुन्हा पुन्हा येतो. लांबून पदर सलग तपकिरी वाटतो. जवळून कळते की तो रंग नाही, एकावर एक ओढलेल्या शेकडो रेघा आहेत, काही ठिकाणी इतक्या दाट की कागदाचे तंतू उठले आहेत. गाल मात्र जवळजवळ कोरा आहे. जिथे भावना दाखवायची तिथे हात आखडता घेतलेला आणि जिथे काहीच नाही त्या भोवतालच्या पोकळीवर सगळा जीव ओतलेला. खाडाखोडीची जुनी सवय इथे पूर्ण वाढीला लागलेली दिसते. पूर्वी ते शब्द झाकण्यासाठी शाई भरत होते; आता चेहरा उघडा राहावा म्हणून आजूबाजूचे सगळे खोडत होते.

हा चेहरा कोणाचा, यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी, रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरीदेवी यांनी १८८४ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा रवींद्रनाथ बावीस वर्षांचे होते, आणि हे दुःख त्यांच्या कवितेत जन्मभर झिरपत राहिले. त्यामुळे चित्रातली प्रत्येक पदर घेतलेली स्त्री कादंबरीदेवीच, असे धरून चालण्याची एक रीत पडली आहे. त्यात तथ्य नसेलच असे नाही. पण चित्रकाराने ज्यावर मुद्दाम नाव लिहिले नाही त्यावर आपण चिकटपट्टी लावून मोकळे होतो, तेव्हा चित्र पाहणे तिथेच थांबते. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याची छटा प्रत्येक वेळी बदललेली आहे. कधी ती थकलेली आहे, कधी हट्टी, कधी चक्क कंटाळलेली. एकच नाव त्या सगळ्यांना पुरणार कसे?

रंगांबद्दलही असाच एक तपशील आहे. त्यांच्या चित्रांचा आणि लेखनाचा अभ्यास करून काही संशोधकांनी असा निष्कर्ष काढला आहे की रवींद्रनाथांना लाल रंग नीट दिसत नसावा. लाल-हिरव्याचा भेद त्यांच्या डोळ्यांना अवघड होता. रवींद्रनाथांनीही लाल आपल्या नजरेत पटकन भरत नाही आणि निळा मात्र लगेच भरतो, असे सांगितलेले आहे. हे कळल्यावर त्यांच्या चित्रांतले ते विचित्र तपकिरी, शेवाळी, करपलेले पिवळे रंग वेगळ्या रीतीने दिसू लागतात. मला मात्र यात एक धोका वाटतो. डोळ्याच्या दोषाने सगळे समजावून सांगितले की चित्रकाराने केलेली निवड नजरेआड होते. लाल कमी दिसत असेल म्हणून चेहरा हिरवट होईल, हे मान्य. पण तो चेहरा मागच्या काळ्यात नेमका कुठे विरघळावा आणि कुठे धारदार उठावा, हे डोळ्यातला दोष ठरवत नाही.

आता आपल्या मुंबईतली एक हकिकत, जी बहुतेक मराठी वाचकांना प्रेमकथा म्हणून ठाऊक असते. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी, इंग्रजी रीतिभाती अंगवळणी पडाव्यात म्हणून सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना मुंबईत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवण्यात आले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, घरचे नाव ॲना, नुकतीच विलायतेहून आलेली होती. तिने नाव मागितले म्हणून रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले आणि कवितेत गुंफले. म्हातारपणी, १९४० मध्ये, लिहिलेल्या ‘छेलेबेला’ या बालपणीच्या आठवणींत त्यांनी तिची एक विनवणी नोंदवली आहे: तुम्ही कधीही दाढी ठेवू नका, तुमच्या चेहऱ्याची रेषा झाकली जाऊ देऊ नका. ती विनवणी आपण पाळली नाही हे सर्वांना ठाऊकच आहे, आणि माझ्या चेहऱ्यावर ही अवज्ञा उमटण्याआधीच ती गेली, असे ते पुढे म्हणतात. तर्खडकरांची ही मुलगी १८९१ मध्ये एडिंबरोत वारली.

या आठवणीकडे मी चित्रकाराच्या बाजूने पाहते. त्यांच्याकडे चेहरा म्हणून, बाह्यरेषा म्हणून पाहणारी आणि ते बोलून दाखवणारी अशी ती मुलगी होती. बाकीचे सगळे जग पुढे त्यांच्या दाढीकडेच पाहत राहिले. आणि हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर काय करतो? स्वतःची छापील चित्रे समोर घेतो आणि त्यांच्यावर रंग फासतो. नियतकालिकावर छापलेल्या आपल्या छबीवर शाई आणि खडू चालवून तिचे त्याने काहीच्या काही केले आहे: कुठे डोळे खोल अंधारात ढकलले आहेत, कुठे दाढी रंगाखाली बुडवून चेहरा जवळपास बाईचा करून टाकला आहे. साठीत त्यांनी नको असलेले शब्द खोडून त्यांची जनावरे केली होती. सत्तरीत त्यांनी हीच कारागिरी गुरुदेवांवर केली. स्वतःच्या कीर्तीची इतकी मजेदार आणि इतकी निर्दय खाडाखोड करणारा लेखक विरळा. शांतिनिकेतनात त्यांच्या पाया पडणाऱ्यांची रांग बाहेर उभी असताना आत ते हे उद्योग करत होते, असे चित्र डोळ्यांसमोर आणून मी अनेकदा हसले आहे.

१९३७ हे वर्ष या चित्रांच्या दृष्टीने चमत्कारिक ठरले. १९३० मध्ये बर्लिनच्या नॅशनल गॅलरीने त्यांची पाच चित्रे स्वीकारली होती. नाझी राजवटीने ‘भ्रष्ट कला’ म्हणून देशभरातल्या संग्रहालयांतून जी हजारो चित्रे उतरवली, त्यांत हीसुद्धा गेली. क्ले आणि कांडिन्स्की या युरोपातल्या आधुनिक चित्रकारांच्या पंगतीला त्यांना कोणत्याही समीक्षकाने बसवले असते तर आपल्याकडे वाद झाला असता. ते काम हिटलरच्या माणसांनी परस्पर करून टाकले. त्याच वर्षी ‘खापछाडा’ आणि ‘से’ ही दोन अफलातून पुस्तके त्यांच्याच चित्रांसह निघाली. ‘से’मध्ये ते नातीला अशक्य गोष्टी सांगतात, आणि इथे प्रथमच त्यांचे गद्य त्यांच्या चित्रांइतके बेताल होते. आणि सप्टेंबरमध्ये ते अचानक बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी लेखणी मागितली नाही, कुंचला आणि रंग मागितले, आणि प्लायवुडच्या एका तुकड्यावर गर्द काळे रान आणि त्याच्यामागून फुटणारा पिवळा उजेड रंगवला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्या आजाराच्या अनुभवावरच्या ‘प्रांतिक’मधील कविता नंतर आल्या. पुन्हा आधी चित्र, मग शब्द.

मराठी वाचकाने रवींद्रनाथांवर मनापासून प्रेम केले आहे. पुलंसारखा माणूस पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला, यावरून त्या प्रेमाची जात कळावी. पण ते प्रेम गाण्यांचे, कवितांचे, कथांचे आहे. चित्रांपाशी आपण थबकतो. एक कारण उघड आहे, ती पाहायलाच मिळत नाहीत. बहुतेक चित्रे शांतिनिकेतनच्या रवींद्रभवनात आहेत, कागदावरच्या शायांना उजेड सोसत नाही म्हणून ती सतत मांडून ठेवता येत नाहीत, आणि १९७६ पासून त्यांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा असल्याने ती देशाबाहेर विकता येत नाहीत. आधीच बाहेर गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे इंग्रज सहकारी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या डार्टिंग्टन हॉल न्यासाकडे असलेली बारा चित्रे २०१० मध्ये लंडनला लिलावात निघाली, तेव्हा ती भारत सरकारने सोडवून आणावीत अशी मागणी बरीच झाली. चित्रे सुमारे सोळा लाख पौंडांना विकली गेली.

पुस्तकांचा आधार मात्र आहे. १९४० मध्ये ‘चित्रलिपि’ नावाचा निवडक चित्रांचा संच निघाला. पुन्हा छापलेला मला एका ग्रंथालयात चाळायला मिळाला. प्रत्येक चित्रासाठी रवींद्रनाथांनी बंगालीत आणि इंग्रजीत चार-चार ओळींची छोटी कविता दिली आहे. प्रकाशकांचा आग्रह म्हणा, वाचकांची कीव म्हणा किंवा जन्मभराची खोड म्हणा, शेवटी त्यांना राहवले नाही. ओळी सुंदर आहेत, यात शंका नाही. रवींद्रनाथांना वाईट ओळ लिहिणे जमतच नव्हते. पण चोच वासलेल्या त्या प्राण्यासमोर त्या फार शहाण्या वाटतात, पाहुण्यांच्या घोळक्यात यजमानाने मधेच उठून भाषण करावे तशा. मी ते पान कविता हाताने झाकून पाहते, आणि ग्रंथपालांच्या नजरेला नजर देणे टाळते.